‘मूकनायक’ ते भंडारा : एका संपादकाची राजकीय वाटचाल

१

मे १९५४ मध्ये तत्कालीन मध्य प्रदेश राज्यातील भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. मतदारसंघ द्विसदस्य होता. एक जागा सर्वसाधारण व दुसरी अनुसूचित जातींसाठी राखीव. राखीव जागेसाठी उभे असलेल्या उमेदवारांत डॉ. भीमराव रामजी आंबेडकर हे होते. निकाल लागला तेव्हा राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले, आणि सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता विजयी झाले. राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष आणि देशाचा पहिला विधिमंत्री राहिलेल्या पुरुषाचा लोकसभेत जाण्याचा हा दुसरा प्रयत्न होता. तोही निष्फळ ठरला. त्यानंतर त्यांनी लोकसभेची निवडणूक लढविली नाही.

आजचा गोंदिया जिल्हा त्या वेळी भंडारा जिल्ह्याचाच भाग होता. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्याचे विभाजन होऊन तो वेगळा झाला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक-अर्जुनी व अर्जुनी-मोरगाव हे त्याचे आठ तालुके होत. ह्या प्रदेशाच्या राजकीय इतिहासात १९५४ ची पोटनिवडणूक एका पराभवाची नोंद म्हणून उल्लेखिली जाते. परंतु तिच्याकडे आणखी एका अंगाने पाहणे शक्य आहे. डॉ. आंबेडकरांच्या सार्वजनिक जीवनाचा फार मोठा भाग वृत्तपत्राच्या संपादकीय लेखनाने घडलेला आहे. १९२० ते १९५६ ह्या छत्तीस वर्षांत त्यांनी काढलेली किंवा त्यांच्या प्रेरणेने निघालेली पाच पत्रे मराठीत आहेत. ज्या संपादकाने मुक्या समाजाला मराठीत बोलते केले, त्याला मराठी मुलखातीलच एका मतदारसंघाने नाकारावे, हे कसे घडले? लेखणीची शक्ती कोठवर पोचते आणि कोठे थांबते, हा प्रश्न त्यात गुंतलेला आहे. संपादक लोकप्रतिनिधी होतो तेव्हा त्याच्या भाषेचे काय होते, हा त्याच प्रश्नाचा दुसरा भाग होय.

२

संपादकाने पुढारी व्हावे ही महाराष्ट्रात नवलाची गोष्ट नव्हे. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले तेव्हापासून मराठी वृत्तपत्र हे ज्ञानप्रसाराचे साधन मानले गेले. ४ जानेवारी १८८१ रोजी ‘केसरी’ निघाल्यावर ते राजकारणाचेही साधन झाले. टिळकांच्या मागे न. चिं. केळकर ‘केसरी’चे संपादक असतानाच मध्यवर्ती कायदेमंडळात गेले. पुढे आचार्य अत्रे १९५६ साली ‘मराठा’ दैनिक काढून १९५७ मध्ये मुंबई विधानसभेत निवडून आले. ह्या सर्वांचे एक साम्य असे की, त्यांचा वाचकवर्ग तयार होता. शाळा, ग्रंथालये, व्याख्यानमाला ह्यांनी घडविलेला पांढरपेशा समाज वृत्तपत्राची वाट पाहत होता.

अस्पृश्य समाजातील पत्रकारांपुढे असा वाचक नव्हता. तरीही आंबेडकरांच्या आधी काहींनी ही वाट चोखाळली होती. गोपाळबाबा वलंगकरांचे ‘विटाळ विध्वंसन’ १८८८ चे आहे. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली पुण्यास ‘सोमवंशीय मित्र’ सुरू केले. विदर्भात नागपूरजवळच्या मोहपा येथे जन्मलेले किसन फागू बनसोडे यांनी ‘निराश्रित हिंद नागरिक’, ‘विटाळ विध्वंसक’, ‘मजूर पत्रिका’ आणि नंतर ‘चोखामेळा’ अशी पत्रे एकामागून एक काढली. प्रत्येक पत्र थोडक्याच काळात बंद पडले; परंतु ‘निराश्रित’ आणि ‘नागरिक’ हे दोन शब्द एका शीर्षकात शेजारी ठेवणे हेच त्या काळी एक राजकीय विधान होते.

अशीच कोंडी जगात अन्यत्रही दिसते. स्पेनच्या अमलाखालील फिलिपिन्समध्ये मार्सेलो डेल पिलार ह्यांनी १८८२ साली तागालोग व स्पॅनिश अशा दोन भाषांतील एका दैनिकाच्या स्थापनेत भाग घेतला. पुढे स्पेनमध्ये जाऊन डिसेंबर १८८९ पासून त्यांनी ‘ला सोलिदारिदाद’ ह्या स्पॅनिश पाक्षिकाचे संपादन केले. आपल्या माणसांना जागे करावयाचे तर तागालोग हवी, आणि राज्यकर्त्यांकडे मागणी करावयाची तर स्पॅनिश हवी, अशी ती विभागणी होती. त्याच देशातील कार्लोस रोम्युलो ह्यांनी पुढच्या शतकात इंग्रजी पत्रकारितेच्या बळावर १९४२ चे पुलित्झर पारितोषिक मिळविले व १९४९ मध्ये ते संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे अध्यक्ष झाले. वसाहतीतील संपादकाला राजकारणात वर चढताना बहुधा भाषा बदलावी लागते, हे ह्या दोन उदाहरणांवरून ध्यानात येते. आंबेडकरांच्या बाबतीत ही विभागणी अधिक तीव्र होती. कारण त्यांना दोन्ही भाषांतील काम एकाच वेळी आणि पुष्कळदा एकट्यानेच करावे लागले.

३

‘मूकनायक’ हे पाक्षिक ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईस निघाले. त्यासाठी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य दिले. आंबेडकर त्या वेळी सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक, म्हणजे सरकारी नोकर होते. त्यामुळे संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव छापले जाई. आरंभीचे अग्रलेख मात्र आंबेडकरांचे आहेत. पहिल्या अंकातील ‘मनोगत’ ह्या अग्रलेखात त्यांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली. एकेक जात हा त्याचा एकेक मजला; परंतु एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाण्यास शिडी नाही. ज्या मजल्यावर जन्मावे त्याच मजल्यावर मरावे.

ही उपमा कोणासाठी होती, हे पाहण्याजोगे आहे. एक वर्षापूर्वी, जानेवारी १९१९ मध्ये, आंबेडकरांनी साऊथबरो समितीपुढे मताधिकाराविषयी साक्ष दिली होती. ती इंग्रजीत होती आणि प्रतिनिधित्वाच्या तत्त्वाचे शास्त्रीय विवेचन करणारी होती. ‘मूकनायका’त विषय तोच आहे, परंतु तेथे आकडे व कलमे मागे पडून मनोरा पुढे येतो. संज्ञेची जागा दृष्टान्त घेतो. कीर्तन-प्रवचनांनी दृष्टान्ताची सवय लागलेल्या श्रोत्याला ही पद्धती परकी नव्हती. पत्राच्या शिरोभागी तुकारामाचा अभंग होता. ‘स्वराज्याची सर सुराज्याला नाही’ ह्या अग्रलेखाच्या मथळ्यात तर एका अक्षराच्या फरकावर साऱ्या राजकीय वादाचा भार टाकलेला आहे. ‘स्व’ कोणाचा, हा त्यातील खरा प्रश्न. आणि तो इंग्रजी साक्षीत इतक्या थोडक्यात मांडता आला नसता.

जुलै १९२० मध्ये आंबेडकर उर्वरित शिक्षणासाठी लंडनला गेले. पत्राची व्यवस्था ज्ञानदेव घोलप यांच्याकडे आली. १९२३ मध्ये ते बंद पडले. तोवर मार्च १९२० ची माणगाव परिषद आणि त्याच वर्षीच्या मे महिन्याअखेरची नागपूरची परिषद होऊन गेली होती. नागपूरच्या परिषदेचे अध्यक्ष शाहू महाराज होते. विदर्भातील अस्पृश्यांच्या चळवळीशी आंबेडकरांचा संबंध जुळण्याची सुरुवात त्या परिषदेपासून धरता येते.

४

१९२७ हे वर्ष ह्या वाटचालीतील सांधा होय. मुंबई कायदेमंडळाचे सरकारनियुक्त सभासद म्हणून आंबेडकरांनी १८ फेब्रुवारीस शपथ घेतली. १९ व २० मार्च रोजी महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. आणि ३ एप्रिल रोजी ‘बहिष्कृत भारत’ ह्या पाक्षिकाचा पहिला अंक निघाला. पंचेचाळीस दिवसांच्या आत एकच मनुष्य आमदार, सत्याग्रही आणि संपादक झाला. ह्या तीन भूमिका परस्परांपासून वेगळ्या काढता येत नाहीत. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव कायदेमंडळाने १९२३ मध्ये संमत केला होता, आणि महाडच्या नगरपालिकेने त्यास अनुसरून तळे खुले केल्याचेही जाहीर केले होते. ठराव कागदावर राहिला. तो पाण्यापर्यंत नेण्यासाठी सत्याग्रह लागला, आणि सत्याग्रहाचा अर्थ लोकांना सांगण्यासाठी वृत्तपत्र लागले.

महार वतनाचा प्रश्न हे ह्याचे दुसरे उदाहरण. वतनदार महारांच्या हक्कांची व राबणुकीची चर्चा १९२७ च्या ‘बहिष्कृत भारता’त आधी झाली, १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक आंबेडकरांनी मार्च १९२८ मध्ये मांडले. अग्रलेख हा विधेयकाचा मराठी पूर्वपक्ष झाला. कायदेमंडळाच्या भाषेत जे ‘वतन’ एक हक्क म्हणून नोंदलेले होते, ते अग्रलेखात वेठ म्हणून उलगडून दाखविले गेले. शब्द तोच; त्याचा अर्थ कोणाच्या अनुभवावरून ठरवावयाचा, हा वाद होता.

ह्या कामाची आर्थिक बाजू अत्यंत दुबळी होती. अंकाचे चोवीस-चोवीस रकाने संपादकाला एकट्याने लिहून काढावे लागत. वर्गणीदार थोडे, जाहिराती जवळजवळ नाहीत. पत्राचे समाजावरील ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय, असा प्रश्न संपादकाला स्वतःच्याच वाचकांना विचारावा लागला. १५ नोव्हेंबर १९२९ च्या सुमारास ‘बहिष्कृत भारत’ थांबले. आज त्याचे व ‘मूकनायका’चे उपलब्ध अंक महाराष्ट्र शासनाने १९९० मध्ये वसंत मून यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केलेल्या संग्रहात वाचावयास मिळतात, आणि मराठी वैचारिक गद्याच्या अभ्यासकाने ते संपूर्ण वाचणे अगत्याचे आहे.

५

पाचही पत्रांची नावे एकत्र ठेवून त्यांची व्याकरणिक घडण तपासली असता ह्या राजकीय प्रवासाची दिशा स्पष्ट होते.

‘मूकनायक’ हा समास दोन प्रकारे सोडविता येतो. ‘मुक्यांचा नायक’ असा षष्ठी तत्पुरुष घेतला, तर बोलणारा नायक आणि न बोलणारा समाज असे दोन पक्ष होतात. ‘मूक असा नायक’ असा कर्मधारय घेतला, तर मुका समाजच नायक ठरतो. प्रचलित अर्थ पहिला होय. तथापि, ज्या संपादकाचे स्वतःचे नाव पत्रावर छापता येत नव्हते, त्याच्या बाबतीत दुसरा विग्रहही अगदीच अप्रस्तुत नाही.

‘बहिष्कृत भारत’ ह्यातील ‘बहिष्कृत’ हे कर्मणि क्तान्त विशेषण आहे. ज्याला बाहेर टाकले तो बहिष्कृत. म्हणजे बाहेर टाकणारा कोणीतरी कर्ता वाक्यात नसला तरी अर्थात आहे. रूढ असलेल्या ‘अस्पृश्य’ ह्या शब्दाशी त्याची तुलना करावी. ‘अस्पृश्य’ हे कृत्य प्रत्ययाचे रूप. ‘स्पर्श करण्यास अयोग्य’ असा त्याचा अर्थ. अयोग्यता त्या माणसाच्या अंगचीच असल्यासारखी ते सांगते, आणि कर्त्याला पूर्णपणे झाकून टाकते. ‘बहिष्कृत’ हा शब्द कर्त्याला पुन्हा उभा करतो. कोणी बहिष्कृत केले, केव्हा केले, कोणत्या अधिकाराने केले, हे प्रश्न त्या प्रत्ययानेच संभवतात. ‘दलित’ ह्या पुढे रूढ झालेल्या शब्दाचीही घडण हीच आहे. अन्यायाला स्वभाव न म्हणता कृती म्हणावयाचे, हा राजकीय विचार येथे शब्दसिद्धीतच उतरला आहे.

‘समता’ हे पत्र २९ जून १९२८ रोजी समाज समता संघाचे मुखपत्र म्हणून देवराव विष्णू नाईक यांच्या संपादकत्वाखाली निघाले. ‘जनता’ २४ नोव्हेंबर १९३० रोजी सुरू झाले. दोन्ही नावांच्या शेवटी ‘ता’ आहे. परंतु प्रत्ययाचे कार्य भिन्न आहे. ‘समता’ मध्ये तो भाववाचक आहे, ‘जनता’ मध्ये समूहवाचक. एक नाव तत्त्वाचे, दुसरे लोकांचे. विशेष म्हणजे ‘जनता’ ह्या नावात मूक, बहिष्कृत असे कोणतेही विशेषण उरले नाही. ज्या नेत्याने १९३६ मध्ये जातीच्या नावाऐवजी मजुरांच्या नावाने स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला, त्याच्या पत्राचे हे नाव सहा वर्षे आधी त्याच दिशेकडे बोट दाखविते.

शेवटी ४ फेब्रुवारी १९५६ रोजी ‘जनता’चे ‘प्रबुद्ध भारत’ असे नामांतर झाले. ‘प्रबुद्ध’ हेही क्तान्तच. पण जागे होणे ही क्रिया अकर्मक असल्याने येथे प्रत्यय कर्तरि आहे. बहिष्कृत भारताला कोणी तरी बहिष्कृत केले होते. प्रबुद्ध भारत स्वतः जागा झाला. भारत तोच, प्रत्यय तोच. मात्र ज्याच्यावर क्रिया घडली तो आता क्रियेचा कर्ता झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूर येथे झालेल्या धर्मांतराचा अर्थ ह्याहून थोडक्यात सांगणे कठीण.

६

१९३० नंतर आंबेडकरांचे संपादकपण आणि राजकारण ह्यांचा परस्परसंबंध बदलला. ‘जनता’ निघाले तेव्हा ते लंडनमध्ये पहिल्या गोलमेज परिषदेत बसले होते. संपादनाची जबाबदारी सहकाऱ्यांकडे होती. परदेशातून पाठविलेली त्यांची पत्रे त्यात प्रसिद्ध होत. ह्यापुढे राजकारणाची मुख्य भाषा इंग्रजी झाली. गोलमेज परिषद, २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार, १९४२ ते १९४६ पर्यंत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील मजूर खाते, २९ ऑगस्ट १९४७ रोजी नेमलेली मसुदा समिती, आणि २७ सप्टेंबर १९५१ चा मंत्रिपदाचा राजीनामा, हे सर्व मूळ इंग्रजीत घडले. ‘जनता’चे काम ते मराठीत आणण्याचे.

येथे अनुवादाचा प्रश्न साधा नव्हता. ‘मूकनायका’त विचारच मराठीत जन्मला होता, ‘जनता’त तो पुष्कळदा दुसरीकडे जन्मून मराठीत येत होता. मतदारसंघ, राखीव जागा, संयुक्त मतदान, घटनात्मक संरक्षण अशा शब्दांची वाचकाला सवय करून देणे हे मोठे भाषिक कार्य होते, आणि ते पार पडले. महाराष्ट्रातील दलित वस्त्यांत कायद्याच्या परिभाषेची जी जाण पुढे दिसून आली, तिच्यामागे ह्या साप्ताहिकाचा मोठा हात आहे. पत्र विकत घेणाऱ्यांपेक्षा ऐकणारे अधिक. एकाने वाचावे व इतरांनी ऐकावे, ही त्याच्या प्रसाराची रीत. जेथे पत्र पोचत नसे तेथे आंबेडकरी जलसे पोचत.

स्वतः आंबेडकरांना वृत्तपत्रसृष्टीच्या बदलत्या रूपाची चिंता होती. जानेवारी १९४३ मध्ये पुणे येथे न्या. रानडे यांच्या १०१ व्या जयंतीच्या समारंभात केलेल्या इंग्रजी भाषणात त्यांनी पत्रकारिता हा एके काळचा पेशा आता व्यापार झाला असून विभूतिपूजा हे तिचे मुख्य कर्तव्य होऊन बसले आहे, अशा आशयाची टीका केली. ज्या संपादकाने तोट्यात पत्र चालविले, त्याची ही टीका होती.

७

ह्या पार्श्वभूमीवर भंडाऱ्याकडे वळावे. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत आंबेडकर मुंबई उत्तर ह्या द्विसदस्य मतदारसंघातून उभे होते. काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७ आणि आंबेडकरांना १,२३,५७६ मते मिळाली. फरक १४,५६१ मतांचा. त्यानंतर ते मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले. दोन वर्षांनी भंडाऱ्याची संधी आली.

भंडारा-गोंदियाचा मुलूख मुंबईहून सर्वथा वेगळा. तो भातशेतीचा, तळ्यांचा व जंगलाचा. विडीचा धंदा येथे मोठा, आणि गोंदिया हे रेल्वेचे महत्त्वाचे जंक्शन. मध्य प्रदेश राज्यात तेव्हा हिंदी व मराठी दोन्ही भाषांतून कारभार चाले. गोंदिया शहरात हिंदीचा मोठा वावर, खेड्यांत झाडीबोली, पोवार समाजात पोवारी, पूर्वेच्या व दक्षिणेच्या जंगलभागात गोंडी. झाडीबोली ही मराठीचीच बोली. परंतु तिच्यात ‘ण’ च्या ठिकाणी ‘न’ आणि ‘ळ’ च्या ठिकाणी ‘र’ येतो. प्रमाण मराठीतील ‘डोळा’ तेथे ‘डोरा’ होतो. मुंबईच्या छापखान्यात जुळविलेले ‘जनता’चे गद्य येथील बहुसंख्य मतदारांच्या रोजच्या बोलण्यापासून दूर होते. विदर्भातील महार समाजात बनसोड्यांच्या काळापासून चळवळीची परंपरा असल्याने हे अंतर त्या समाजापुरते भरून निघाले होते. १९४२ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापनाही नागपुरातच झाली होती. अन्य समाजांच्या बाबतीत ते तसेच राहिले.

परंतु पराभवाचे कारण बोलींच्या भिन्नतेत शोधणे अपुरे होईल. निरक्षर मतदारासाठी त्या काळी प्रत्येक उमेदवाराची चिन्हांकित पेटी असे. काँग्रेसची बैलजोडी, प्रजा समाजवादी पक्षाची झोपडी, फेडरेशनचा हत्ती. मत देण्यास वाचता येणे आवश्यक नव्हते. खरे कारण मतदानाच्या रचनेत आहे. राखीव जागेचा उमेदवार अनुसूचित जातीचा असला, तरी त्याला निवडून देणारे मतदार त्या मतदारसंघातील सर्व जातींचे होते. पुणे करारापासून चालत आलेली ही व्यवस्था होय. म्हणजे राखीव जागेचा निकाल, ज्या समाजासाठी ती राखीव त्याच्याखेरीज इतरांच्याच हाती राही. आंबेडकरांच्या पत्रांनी चौतीस वर्षे ज्यांच्याशी संवाद केला ते मतदार ह्या निकालात अल्पसंख्य होते.

सर्वसाधारण जागेचा निकाल शेजारी ठेवला म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. त्याच मतदारांनी त्याच निवडणुकीत सर्वसाधारण जागेवर काँग्रेसला नाकारून विरोधी पक्षाचे अशोक मेहता यांना निवडले. तेव्हा काँग्रेसची लाट हे ह्या पराभवाचे पुरेसे स्पष्टीकरण होऊ शकत नाही. काँग्रेसला नाकारणाऱ्या मतदारांपैकी अनेकांचे दुसरे मत आंबेडकरांपर्यंत पोचले नाही, असाच निष्कर्ष निघतो.

द्विसदस्य मतदारसंघात प्रत्येक मतदारास दोन मते असत, आणि ती दोन्ही एकाच उमेदवारास देता येत नसत. त्यामुळे एक मत आपल्या उमेदवाराला देऊन दुसरे वाया घालविण्याची युक्ती प्रचारात आली. तिला मराठीत ‘मते कुजविणे’ असा शब्दप्रयोग रूढ झाला. धान्य कुजावे तसे मत कुजू द्यावयाचे. कृषिजीवनातील क्रियापद निवडणुकीच्या अंकगणितात आले. १९५२ मध्ये मुंबईत आपल्याविरुद्ध असाच प्रचार झाला, अशी आंबेडकरांच्या पक्षाची तक्रार होती. भंडाऱ्यात त्यांच्याच अनुयायांनी हा मार्ग सुचविला असता त्यांनी तो नाकारला, आणि मतदाराने दोन्ही मते वापरली पाहिजेत असे बजावले, ही आठवण आंबेडकरी चळवळीत आजवर सांगितली जाते. मताधिकारासाठी १९१९ पासून साक्ष दिलेल्या माणसाविषयी त्याच्या अनुयायांनी हीच आठवण जपावी, ह्यात त्यांनी त्यांच्यापासून काय घेतले हे दिसून येते. द्विसदस्य मतदारसंघ पुढे १९६१ च्या कायद्याने रद्द झाले, आणि त्या शब्दप्रयोगाचे मूळ प्रयोजनही संपले.

८

ह्या विवेचनातून काही गोष्टी हाती येतात. एक, आंबेडकरांच्या बाबतीत पत्रकारिता ही राजकारणाची पहिली पायरी नव्हती. ती शेवटपर्यंत राजकारणाच्या बरोबर चाललेली दुसरी वाट होती. इंग्रजी साक्ष आणि मराठी अग्रलेख ह्यांचा आरंभ एका वर्षाच्या अंतराने झाला, आणि दोन्हींचा शेवट ६ डिसेंबर १९५६ रोजीच झाला. दुसरी, त्यांच्या मराठी लेखनाने नवी माहिती दिली त्याहून अधिक महत्त्वाचे काम केले. शब्दांच्या रूपांतून लपलेला कर्ता त्याने उघड केला. तिसरी गोष्ट भंडाऱ्याने शिकविलेली आहे. वृत्तपत्र आपल्या वाचकाला बोलते करू शकते. जो ते वाचतच नाही त्याचे मन ते वळवू शकत नाही. ‘मूकनायका’ने मुक्यांना वाणी दिली, ऐकणाऱ्यांना कान देणे हे त्या पत्राच्या हाती नव्हते, आणि १९५४ ची राखीव जागा ऐकणाऱ्यांच्या हाती होती.

२००९ पासून ह्या मतदारसंघाचे नाव भंडारा-गोंदिया असे आहे. त्या पराभवाच्या भूमीतील वस्त्यांत आज घटनेच्या शिल्पकाराचे पुतळे उभे आहेत, आणि त्यांच्या हाती ग्रंथ आहे. त्या ग्रंथाचे मूळ इंग्रजी आहे. परंतु पुतळ्यापुढे उभा राहणारा माणूस ज्या शब्दांनी आपल्या हक्काची मागणी करतो ते शब्द बहुतांशी मराठी पाक्षिकांच्या रकान्यांत घडले. ‘जनता’ व ‘प्रबुद्ध भारत’ ह्यांच्या जुन्या अंकांचा भाषावैज्ञानिक अभ्यास, आणि त्याच्या जोडीस झाडीबोलीच्या प्रदेशातील आंबेडकरी गीतांचे व आठवणींचे संकलन, हे काम मराठीच्या विभागांनी हाती घेण्याजोगे आहे. त्या निवडणुकीची सभा प्रत्यक्ष ऐकलेली पिढी आता फारशी उरलेली नाही, म्हणून त्यास विलंब करणे परवडणार नाही.